कोपऱ्यातला लाल चौकोन

जोतीराम साळुंखेच्या घरात 'नको' हा शब्द पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं पेढे वाटले होते. खोटं नाही सांगत. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याची माथाडींची टोळी, हायड्रा क्रेन चालवणारा श्यामसुंदर, चहावाली गोजरा, झाडून सगळ्यांच्या हातावर त्यानं पेढा ठेवला आणि सांगितलं, "पोरगी बोलली."

"काय बोलली?"

"नको म्हणली."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि पेढा तोंडात टाकला. पेढा बिचारा काय वाईट नव्हता.

पोरगी म्हणजे मनस्वी, घरची मनू. वय नऊ. ऑटिझम आहे, हे चौथ्या वर्षी कळलं. तोंडानं शब्द नाही. हसायची, ओरडायची, रागावली की स्वतःचाच हात चावायची, पण काय हवंय आणि काय नकोय हे घरच्यांनी ओळखत बसायचं. मग थेरपी सेंटरच्या प्रियदर्शिनी मॅडमनी टॅबवर एक ॲप घालून दिलं. टॅबला जाड रबराचं कव्हर, गळ्यात अडकवायला पट्टा. पडद्यावर वीस चौकोन. पाणी, भूक, झोका, संपलं. आईचा फोटो, बाबांचा फोटो, आत्याचा फोटो. बोट ठेवलं की आतली बाई तो शब्द बोलायची. पाचसहा चौकोन मॅडमनी पुढच्या शब्दांसाठी कोरे ठेवले होते. आणि खाली उजव्या कोपऱ्यात लालभडक चौकोन होता, 'नको'चा.

"कुठलाही चौकोन हलवायचा नाही हं," मॅडमनी बजावलं होतं. "तिच्या बोटाला जागा पाठ होते. तुम्ही काय गिअरकडे बघून गाडी चालवता का?"

जोतीराम गाडी चालवत नव्हता. पण हाताला जागा पाठ असणं म्हणजे काय, ते त्याला सांगावं लागत नव्हतं. टोळीत तो इशारेवाला. बाजारात लोखंडावर लोखंड आदळतं तेव्हा शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथं क्रेनवाल्याला सगळं हातानं सांगायचं. उचल, उतरव, डावीकडे घे, हळू. वीस वर्षं तो दिवसभर हातानंच बोलत आला होता. तरी त्याला टॅब आवडला नव्हता. मशीन बोलायला लागल्यावर पोरगी कशाला तोंड उघडेल, असं त्याचं म्हणणं. बायको उज्वला म्हणाली, "अहो, तिनं तोंड उघडायची वाट बघत नऊ वर्षं गेली की." तेव्हा कुठे त्यानं टॅबला होकार दिला.

तर पेढ्यांची गोडी आठवडाभर टिकली. पुढे काय झालं, ते मनूच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. आंघोळ नको. वेणी नको. भेंडी नको. हिरवा फ्रॉक नको. पंखा नको, पंखा बंद केला की तेही नको. दिवसातून दोनशे वेळा, स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तशा थंड आवाजात ती बाई म्हणायची, नको. नको. नको. उज्वला प्रत्येक वेळी थांबायची, "बरं बाई, नको तर नको," म्हणायची. न ऐकून चालत नसेल, तर ते का, तेही समजावून सांगायची. जोतीरामाच्या मात्र डोक्याचा भुगा व्हायचा. आणि एके दिवशी तो कामावरून येऊन कौतुकानं तिच्या शेजारी बसला, तर मनूनं दोन चौकोन एकापाठोपाठ दाबले.

"बाबा. नको."

अंगाला घामाचा, गंजाचा वास येत असेल, हे त्याला कळत होतं. पण कळून काय उपयोग? लागायचं ते लागलंच. त्या रात्री तो भाकरी ताटात तशीच ठेवून उठला.

त्याहून वाईट पुढे झालं. साताऱ्याकडून त्याच्या थोरल्या बहिणीचा, सत्यभामाआक्काचा व्हिडिओ कॉल आला. आई गेल्यावर याच आक्कानं त्याला वाढवलेलं. ती फोनमधून "माझी बाय ती, माझी चिमणी ती" करत होती आणि मनूनं सगळ्यांदेखत दाबलं, "आत्या. नको." आक्कानं फोन पालथा घातला. नंतर आठ दिवस उचललाच नाही. जोतीराम येता-जाता फोन लावायचा आणि स्वतःवरच चरफडायचा.

आणि आता तीच आक्का येणार होती. तिच्या मुलाचं, यशराजचं, पुढच्या महिन्यात लग्न, आणि भाचीचे कान अजून मोकळे. लहानपणी दवाखान्याच्या फेऱ्यांत कान टोचायचे राहिले, पुढे मनू कानाला कुणाला हात लावू देईना. आक्कानं फोनवर ठणकावलं, "नऊ वर्षांच्या पोरीचे बोडके कान घिऊन मांडवात येनार हायस व्हय रं? भावकी काय म्हनंल? मी डूल घिऊन येतीया. शुक्रवारचा दिवस चांगला हाय."

उज्वला म्हणाली, "वन्सं, तिला ईचारून बघूया आधी."

"तिला काय ईचारायचं? तुला ईचारलं व्हतं का कुनी? टोचले तवा रडलीस, दुसऱ्या दिशी आरशात बघत बसली असशील."

उज्वलानं नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

गुरुवारी पहाटे, उज्वला पाणी भरत होती आणि मनू झोपलेली होती, तेव्हा जोतीरामानं चार्जिंगचा टॅब काढला. शब्द कसे घालायचे-काढायचे ते मॅडमनी दोघांनाही शिकवलं होतं. पासवर्ड टाकला. लाल चौकोनावर बोट धरून ठेवलं. कोपऱ्यात डोळ्याचं चित्र आलं, त्यावर टिचकी मारली. डोळा मिटला आणि चौकोन कोरा झाला. आधीच पाचसहा कोरे होते, त्यात एकाची भर. कुणाच्या लक्षातही येणार नव्हतं.

कायमचं थोडंच काढलंय, त्यानं स्वतःला सांगितलं. दोन दिवसांचा प्रश्न. आक्का गेली की परत लावू. एवढं सांगूनही तो घरात येरझाऱ्या घालत राहिला. चहा घेतला, तो अर्धाच. चप्पल घातली, काढली, परत घातली.

आक्का दुपारी आली आणि सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं झालं. तिनं मनूला जवळ घेतलं, 'नको' नाही. डोक्यावर तेल थापलं, 'नको' नाही. हिरवा फ्रॉक घातला, 'नको' नाही. मनू कोपऱ्यातल्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवायची, वाट बघायची, परत ठेवायची. मग वरच्या ओळीत जायची.

"संपलं," बाई म्हणायची.

"कुठलं संपलं गं? आत्ता तर तेल लावायला घेतलंया!" आक्का खळखळून हसली. "जोती, लई शहानी झाली रं पोरगी. मी उगीच मनात धरून बसले."

जोतीरामाचाही जीव भांड्यात पडायला हवा होता. पडेना. तो सारखा त्या बोटाकडे बघत होता आणि बघायचं टाळत होता. संध्याकाळी उज्वला त्याला म्हणाली, "अहो, आज ही एकदाबी नको म्हणली न्हाई. कणकण तर न्हाई ना?" आणि तिनं मनूच्या कपाळाला हात लावून बघितला. तेव्हा तो घाईघाईनं दूध आणायला बाहेर पडला. दूध घरात होतं.

शुक्रवारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, पण सकाळची पाळी होती. कामावर उभा राहिला खरा, मन ठिकाणावर नाही. सळ्यांचा भारा ट्रकमधून वर उचलला होता, श्यामसुंदर त्याच्या हाताकडे बघत क्रेन फिरवत होता. तेवढ्यात किटली घेऊन येणारी गोजरा मधेच थबकली. किटली तिनं जमिनीवर टेकवली आणि दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली.

श्यामसुंदरनं तत्क्षणी ब्रेक मारला. भारा हवेत हेलकावे खात राहिला. सगळे पळाले. बघतात तर काही नाही. भाऱ्याचा पट्टा सुटतोय असं तिला वाटलं होतं. पट्ट्याचं सुटं टोक तेवढं वाऱ्यानं हलत होतं.

व्यापाऱ्याचा मुनीम केयूर ऑफिसातून धावत आला. नवा माणूस, इस्त्रीचा शर्ट. "चहावालीनं हात केले म्हणून क्रेन थांबवता? टाइमपास चाललाय काय इथं?"

जोतीराम त्याच्यावर जो उखडला, की टोळीसुद्धा बघत राहिली. "ओ शेठ! उचल म्हनायचा, उतरव म्हनायचा मान माझा एकट्याचा. पन थांब कुनीबी म्हनावं. चहावालीनं म्हनावं, वाटंनं चाललेल्या म्हातारीनं म्हनावं. थांब म्हनलं की आधी थांबायचं, मागनं ईचारायचं. ती चुकली तर दोन मिनटं गेली. आपुन चुकलो तर मानूस जातंय. कळलं?"

मुनीम ऑफिसात परतला. गोजरानं पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यात आधी जोतीरामाला चहा दिला. तो त्याला कडू लागला. साखर तेवढीच होती. काहीतरी आत टोचत होतं, पण काय ते उमगेना. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला लांबून दिसतं. स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाचं काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पाचच्या सुमाराला चौघं सोनाराच्या दुकानात पोचली. दवाखान्यात पिस्तुलानं टोचतात म्हणे, पण आक्काला ते नामंजूर. "कान सोनारानंच टोचावं," तिनं निकाल दिला. दुकान एवढंसं. वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात पंखा घरघरतोय, बाहेर रिक्षांचे हॉर्न. आत आल्याबरोबर मनूनं दोन्ही कानांवर हात दाबले.

सोनार पिकल्या केसांचा, मऊ बोलणारा माणूस. त्यानं वाटीत सोन्याची तार काढून ठेवली. "मामा आलेत का? मामाच्या मांडीवर बसवतात."

उज्वलाला भाऊ नाही. तेव्हा तो मान बापाकडे आला. जोतीराम बैठकीवर मांडी घालून बसला आणि त्यानं मनूला पुढ्यात घेतलं. पाठ त्याच्या छातीला, टॅब तिच्या मांडीवर. सोनारानं पेनानं दोन्ही पाळ्यांवर निळे ठिपके काढले. ठिपका काढतानाच मनू केवढी तरी शहारली. त्याच्या छातीला ते कळलं.

"संपलं," टॅब म्हणाला.

"आत्ता होतंय बघ, बेटा," सोनार म्हणाला.

"संपलं. संपलं."

"आगं सुरू तर हूं दे!" आक्का हसली. तिच्या पर्समधून तिनं डूल काढून ठेवले होते, छोटे, मोत्याचे, खरोखर गोजिरे. "जोती, डोस्कं घट धर. हलली तर वाकडं टोचंल."

जोतीरामानं डोकं धरलं. वीस वर्षं लोखंडावर घासलेले हात ते, पोरीचं डोकं त्यांत मावलं. सोनार तार घेऊन पुढे वाकला.

"बाबा," टॅब म्हणाला. मग गप्प. मग परत, "बाबा." गप्प. "बाबा."

"बघ की!" आक्कानं पदर डोळ्यांना लावला. "बापाला कशी हाका मारतीया! बाबा बाबा करतीया गं, उज्वला!"

उज्वलाच्याही डोळ्यांत पाणी आलं. सोनारसुद्धा हसला.

जोतीरामानं खाली बघितलं. डोकं धरलेलं, म्हणून त्याला वरून तिचा हात नीट दिसत होता. बोट त्याच्या फोटोवर पडत होतं. "बाबा," बाई म्हणायची. मग बोट तिरकं खाली जायचं, उजव्या कोपऱ्यात, आणि कोऱ्या चौकोनावर टेकायचं. दाबायचं. आवाज नाही. परत दाबायचं, जोरानं, नख पांढरं होईपर्यंत. आवाज नाही. मग परत वर, त्याच्या फोटोवर. तिच्या तोंडातून हूं की चूं निघत नव्हतं. ती आरडाओरडा करत नव्हती, हात चावत नव्हती. तिला शिकवलं होतं तसं शहाण्यासारखं ती चौकोन दाबून सांगत होती. चौकोनात शब्दच नव्हता.

आणि तो कुणी काढला होता?

तार पाळीला टेकली होती. जोतीरामाचे दोन्ही हात मनूच्या डोक्यावरून सुटले आणि खाड्‌कन आडवे पसरले. एक हात सोनाराच्या मनगटावर बसला, दुसरा काचेच्या कपाटावर. तार खाली पडली.

"थांब!" तो ओरडला. बाजारात ओरडतात तसा. रस्त्यावरच्या दोन बायका दारात डोकावल्या.

"आरं काय झालं?" आक्का घाबरली. "लागलं का तिला?"

त्यानं टॅब उचलला. मनू ताठ झाली, टॅबवरचा हात सोडेना. "देतो, देतो, बाळा, आत्ता देतो," तो पुटपुटत होता. पासवर्ड मागितला. जाड बोटांनी चुकीचा आकडा दाबला गेला. परत टाकला, परत चुकला. घामानं पडदा ओला झाला, तो त्यानं शर्टाला पुसला. भाऱ्याखाली माणूस सापडलेला असावा तशी त्याची तारांबळ उडाली होती.

उज्वला उठून जवळ आली होती. तिनं पडद्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तिला सगळं कळलं.

"तुमी काढलं व्हतं?" तिनं हळू विचारलं.

त्यानं मान हलवली. तिनं तोंड भरून शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं टॅब त्याच्या हातातून घेतला, चार आकडे दाबले, मिटलेला डोळा उघडला आणि टॅब मनूच्या मांडीवर ठेवला.

कोपरा लाल झाला. मनूनं त्यावर बोट ठेवलं.

"नको," बाई म्हणाली.

मनूनं वर बघितलं. परत दाबलं. "नको." आणि मग जी लागली, ती थांबेचना. नको नको नको नको. पंख्याच्या घरघरीवर, रिक्षांच्या हॉर्नवर, दोन दिवसांचे सगळे राहिलेले नको एकदम. तेलाचे, कुशीत घेतल्याचे, हिरव्या फ्रॉकचे. जोतीराम एकेक ऐकत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्यातला एकही जास्तीचा वाटला नाही.

सोनारानं तार उचलली, पुसली आणि डबीत ठेवली. "नको म्हणतेय ना? मग राहू दे आज."

आक्का मात्र फुरंगटली. "आरं, पोरीच्या जातीला कान टोचायला नगं असतंय व्हय? तिला काय कळतंय त्यातलं?"

"आक्का," जोतीराम म्हणाला. "तिचं नको मी काढून ठिवलं व्हतं. तुला वाईट वाटू नये म्हनून. ती कालपास्नं थांब म्हनतीया, आनी मी तिचं तोंड दाबून धरलं. दुसऱ्या कुनी असं केलं असतं, तर मी त्याला उभा चिरला असता."

"पर लग्नात..."

"लग्नात बोडक्या कानानं येईल. भावकीला काय म्हनायचं ते म्हनूदे."

आक्कानं डूल उचलले. मग तिनं ते कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि मनूसमोर उकिडवी बसली. हात लावला नाही. "आत्यावर राग हाय व्हय गं?"

मनूनं तिच्याकडे बघितलं नाही. "आत्या. नको," टॅब म्हणाला.

आक्काचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं गुडघ्यावर हात टेकला, "बरं, माझे आई," म्हणाली आणि उठून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. माझ्या मते त्या दिवशी त्या दुकानात सगळ्यात लवकर शिकली ती हीच बाई.

बाहेर आल्यावर मनू दुकानाच्या पायरीवर बसली. पाळीवरचे निळे ठिपके तसेच होते. जोतीराम तिच्या शेजारी टेकला.

"बाबा. नको."

तो उठला आणि एक पाऊल मागे सरला. मनूनं त्याच्या पायांकडे बघितलं. परत दाबलं.

"बाबा. नको."

तो आणखी एक पाऊल मागे गेला. तिनं परत दाबलं, तो परत सरला. आता ती दाबायची आणि लगेच त्याच्या पायांकडे बघायची. बटण चालतंय का, ते ती तपासून बघत होती. चालत होतं. फुटपाथवरची माणसं त्याला वळसा घालून जात होती. एका स्कूटरवाल्यानं शिवी हासडली. जोतीराम एकेक पाऊल मागे जात राहिला, शेवटी त्याची पाठ विजेच्या खांबाला लागली. पायरी आता सात पावलं लांब होती. त्याला हुंदका आवरेना, आणि त्याला तो आवरायचाही नव्हता.

मनूनं टॅबवर बोट ठेवलं.

"बाबा," बाई म्हणाली.

तो दुसऱ्या शब्दाची वाट बघत राहिला. बोट कोपऱ्याकडे गेलं नाही. फोटोवरच राहिलं.

"बाबा."

त्यानं एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबून तिच्या हाताकडे बघितलं.